ग्रेसबाईंची अट

आमच्या शेजारच्या ग्रेसबाई शाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हा गल्लीला वाटलं, आता बाई चर्चमध्ये आणि टीव्हीपुढं रमतील. कसचं काय! सहा महिन्यांत एका संस्थेचं काम अंगावर घेतलं. शाळा सोडून घरात लोळणारी पोरं गोळा करायची, आठवड्यातले चार दिवस राहात्यातल्या एखाद्या दुकानात काम शिकायला पाठवायची, दोन दिवस स्वतःच्या ओट्यावर पुस्तकाला बसवायची आणि शेवटी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायला लावायची. पोर पाठवण्याआधी बाई ते काम स्वतः दिवसभर करून बघतात. बेकरीतून पिठानं माखून आल्या तेव्हा मी विचारलं, "बाई, यंदा नाताळ लवकर का?" माझे विनोद त्यांना कळतात, आवडत नाहीत.

प्रत्येक मालकाला त्यांची एकच अट. "पोराला रागवायचं नाही. रागवून घेऊनच ती शाळेतून गेलीत."

शिफाच्या वेळी ही अट त्यांनी दोनदा सांगितली. शिफा सोळा वर्षांची. नववीत फळ्यावर गणित चुकलं, सर काहीतरी बोलले, वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून पोरीनं दप्तर उचललं नाही. दीड वर्ष घरात. खुर्शीद मिस्त्रीच्या, पाण्याच्या मोटारी भरायच्या दुकानात मात्र ती रमली. विहिरीवरची जळकी मोटर उघडायची, जुनी तार काढायची, तार लोखंडाला भिडू नये म्हणून खाचांत कागद घालून नवी तार भरायची. पोरगी मोटारी भरते, ही बातमी मी मीठमसाला लावून गावभर केली. संध्याकाळी ती बाईंना बोटांवरचं वॉर्निश दाखवायची, चक्क बोलायची. बाईंनी फॉर्मसाठी तिचा दाखलाही काढून आणला.

गेल्या महिन्यात मिस्त्री लग्नासाठी दोन दिवस खर्ड्याला गेले आणि गोरक्ष नावाचा पेरूवाला मोटर घेऊन आला. बाग सुकत होती, त्याला घाई. शिफानं एकटीनं मोटर भरून दिली. विहिरीवर बटण दाबलं आणि धूर!

गोरक्षनं मोटर दुकानात आणून आपटली. मिस्त्री नुकतेच परतले होते. त्याला थंड करायला बोलून गेले, "आरं, हिच्या मोटारी ही घरी गेल्यावर मी पुन्ना भरतो, तवा भाईर जात्यात. ही तशीच गेली."

शिफा मागंच उभी होती. ती जी घरी गेली, ती परत आली नाही.

बाई मिस्त्रींवर धावून गेल्या. मी पंख्याचं निमित्त काढून दुकानात हजर होतोच.

"फसवलंत पोरीला!"

"मी? रागवायचं न्हाई, तुमीच म्हन्ला हुता. चुकलं म्हन्लं तर रडंल, म्हनून गप ऱ्हायलो. मला काय दोन-दोनदा तार भरायची हौस हाय?"

बाई स्टुलावर बसल्या. मला एक टोमणा सुचला होता. गिळला.

आठ दिवस बाई शिफाच्या दारात जात होत्या. आतून आई नाहीतर भाऊ म्हणे, "झोपलीय." नवव्या दिवशी त्या मिस्त्रींना घेऊन गेल्या; मागून मी. गोरक्षला मिस्त्रींनी दुसरी मोटर दिली होती; त्याची जळकी त्यांनी उंबऱ्याशी ठेवली.

"आज रागवा," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी घसा खाकरला. "शिफा! भाईर ये. तीन खाचांत कागदच न्हाई. डोळे कुटं हुते तुझे?"

शिफा दारात आली. डोळे सुजलेले.

"चाचा, माझ्या किती मोटारी तुमी परत भरल्या?"

"समद्या न्हाई."

"किती?"

"ही सोडून अकरातल्या सात."

"मग चार बरोबर हुत्या. कोनत्या?"

मिस्त्रींना आठवेना.

"मग मला कसं कळनार, काय जमतंय ते?" ती आत निघून गेली.

"अट माझी होती, शिफा," बाई दाराला म्हणाल्या. "चूक माझी आहे."

आता बाई मालकांना सांगतात, चुकलं की तिथंच, तोंडावर सांगा. फक्त चारचौघांत नको. शिफाच्या फॉर्मला मात्र आठच दिवस उरलेत.

काल मी शिफाच्या बोळातून मुद्दाम गेलो. उंबऱ्याशी सोडून आलेली मोटर उघडलेली होती, जळकी तार पोत्यावर काढून ठेवलेली. धावत येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी उलट मलाच विचारलं,

"शिफानं काढली? की तिच्या भावानं, भंगारात घालायला?"

गल्लीतली एकूणएक खबर माझ्याकडं असते. ही नव्हती.