दोन झाऱ्या पाणी

कथबर्ट रॉला स्वतःच्या सोडून दुसऱ्या कुणाच्या बागेत काही चांगलं दिसलं, असं आमच्या गावात एकदाही घडलेलं नाही. सकाळी वर्तमानपत्र आणायला निघाला की वाटेत बारा घरांची कुंपणं लागायची. बाराही ठिकाणी हा थांबायचा, मान तिरपी करायचा आणि नाकातून एक हुंकार सोडायचा. नाकाने कांदे सोलणारी माणसं गावोगाव असतात, पण हा सोलायला कांदासुद्धा शेजाऱ्याच्या वाफ्यातला घेणारा. पोस्टमन नेव्हिल स्टोनहाउसने एकदा वाटाण्याच्या वेलांना काठ्या रोवल्या, तर हा म्हणाला, "आधार देतोयस की फाशी?" बिचारा नेव्हिल आमच्या गूजबेरी मंडळाचा चिटणीस. त्याने हसून घेतलं, दुसरं करणार काय.

गूजबेरी म्हणजे काटेरी झुडपाचं आंबट फळ. एरवी ते आवळ्याएवढं होतं. यॉर्कशरच्या आमच्या या कोपऱ्यात माणसं त्याला कोंबडीच्या अंड्याएवढं करतात आणि त्यापायी वर्षभर एकमेकांवर दात धरून असतात. ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये औषधांच्या दुकानातल्या जुन्या तराजूवर एकेक फळ तोलतात, आणि ज्याचं सगळ्यात जड त्याला वर्षभरासाठी तांब्याची किटली मिळते. किटली बुडाला गळते. तिच्यात चहाचं पाणी ठेवल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. पण तिच्यासाठी भली भली माणसं सख्ख्या भावाशी बोलायची बंद झालेली आहेत.

हॉलच्या भिंतीवर लाकडी फळा आहे, त्यावर जिंकणाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत. कथबर्टच्या बापाचं नाव बारा वेळा. कथबर्टचं अकरा वेळा. यंदा एक आलं की झाली बरोबरी. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती. जिवंत असताना त्याने मुलाला एकदाही "बरं केलंस" म्हटलं नव्हतं, आणि आता तर म्हणणारच नव्हता. तरी चौसष्ट वर्षांचा हा गडी त्या बाराव्या ओळीसाठी झुरत होता. तोंडाने अर्थात म्हणायचा, "किटलीचं काय एवढं? अडाण्यांच्या बाजारात पहिलं येण्यात कसली मर्दुमकी?"

भिंतीपलीकडे विनिफ्रेड ॲगर राहायची. शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारीण, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा, आणि हसायला लागली की ओटा धरून हसणार. तिच्याही अंगणात एक गूजबेरी होती. कथबर्टच्या मते ती गूजबेरी नव्हती, गुंता होता. "शाळेत लापशी वाढतेस तसं खत वाढतेस तू," तो तिला भिंतीवरून सांगायचा. "उपाशी तर कुणी राहात नाही ना?" ती म्हणायची आणि हसायची. ते हसणं त्याच्या डोक्यात जायचं.

त्या वर्षी जूनच्या मध्यावर तिला पोटाचं दुखणं लागलं आणि डॉक्टरांनी पित्ताशय काढायचं ठरवलं. ती भिंतीशी आली.

"कथबर्ट, महिना-दीड महिना माझ्या झुडपाकडे बघशील?"

"रोजच बघतोय. बघवत नाही."

"म्हणून तर तुला सांगतेय. पंधरा दिवस इस्पितळात, मग बहिणीकडे. यंदा फळ बरं धरलंय रे."

"तुझं फळ, आणि बरं?"

"ये तर खरा एकदा. झुडपातलं तुझ्याइतकं कळतंय कुणाला इथे?"

हे शेवटचं वाक्य ती मनापासून बोलली होती. आणि त्याला नाही म्हणायला तोंड नव्हतं, कारण गेली तीस वर्षं तोच हे वाक्य गावभर सांगत फिरत होता.

ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस उलटतो न उलटतो तोच, हा कात्री घेऊन तिच्या फाटकातून आत शिरला. खरं तर तिची फजिती जवळून बघायला गेला होता. पण मध्यउन्हाळ्याची कामं अशी असतात की एकदा हात लागला की हात थांबत नाही, आणि त्याचा हात खरोखर चांगला होता. ते कबूल करायला हवं, नाहीतर आम्हीही त्याच्यासारखेच. त्याने आधी पानं उलटून उलटून खालच्या हिरव्या अळ्या वेचल्या आणि बुटाखाली चिरडल्या. कोवळे फुटवे पाच पानांवर खुडले. मग फळांची विरळणी केली. एका फांदीवर एकच फळ ठेवून बाकीची काढली, तीही रोज थोडी थोडी, कारण सगळी एकदम काढली तर झाड दचकतं आणि राहिलेलं फळही टाकतं. बुंध्याशी कुजलेलं खत पसरलं. पाखरांसाठी जाळी टाकली. निवडलेल्या फळावर उन्हाच्या वेळी जुनी काळी छत्री बांधली. आणि रोज संध्याकाळी मोजून अर्धी झारी पाणी.

त्याची बायको डोरीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायची. "तिच्या झुडपाचे एवढे लाड?" ती म्हणाली. "माझ्या दारचा गुलाब मावा लागून मेला, तेव्हा हात लावला नाहीस."

"गुलाब काय कुणीही वाढवतं."

"मग विनीसाठी एवढं कशाला?"

"विनीसाठी कोण करतंय? उद्या झाड मेलं तर लोक म्हणतील कथबर्टच्या हातात मेलं."

जुलै सरत आला तरी पाऊस नव्हता. कथबर्टकडे बापाची एक पितळी कडी होती, फळाचं माप घ्यायची. शेवटच्या आठवड्यात त्याने स्वतःच्या फळाला ती लावली. फळ कडीला घासत घासत, पण गेलं. एवढं फळ त्याने गेल्या सहा वर्षांत काढलं नव्हतं. तो शिट्टी वाजवत तिच्या फाटकातून आत गेला, छत्री उचलली आणि गंमत म्हणून तिच्या फळाला कडी लावली. कडी अर्ध्यावर अडली.

त्याने पुन्हा लावली. पुन्हा अडली.

आता माणूस विचार करतो तो कसा, बघा. त्या फळात तिचं काय होतं? ती आधी इस्पितळात, मग बहिणीकडे लोळत होती. अळ्या त्याने वेचल्या, फुटवे त्याने खुडले, छत्रीसुद्धा त्याची. लापशीवाली बाई मंगळवारी येणार, हॉलमध्ये ओटा धरून हसते तशी हसणार आणि किटली घेऊन जाणार. फळ्यावर तिचं नाव, आणि त्याच्या अकराच ओळी. पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील न देतील. हे सगळं त्याला अन्यायाचं वाटलं. स्वतःच्याच कर्तबगारीने आपल्याला हरवलं यात कुणी एखादा हसलाही असता. पण हसण्याची सवय त्याने लावूनच घेतली नव्हती.

तहानलेल्या गूजबेरीला एकदम भरपूर पाणी दिलं की पिकत आलेलं फळ आतून फुगतं, सालीला ताण सोसत नाही आणि ती उकलते. उकललेलं फळ तराजूवर घेत नाहीत. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

गुरुवारी संध्याकाळी सहाला, चहा झाल्यावर, कथबर्टने स्वयंपाकघराच्या नळाखाली झारी भरली. मग दुसरी भरली. डोरीन बशा विसळत होती.

"दोन?" ती म्हणाली.

"झाड तहानलंय."

"आपल्या झुडपाला मघाशी अर्धीच घातलीस."

दोन्ही हातांत दोन झाऱ्या घेऊन, पाणी सांडू नये म्हणून सावकाश चालत, तो तिच्या फाटकातून गेला. डोरीनने नळ बंद केला आणि बराच वेळ हात पुसत उभी राहिली.

सकाळी फळाला देठापासून खालपर्यंत चीर गेली होती आणि तिच्यावर दोन गांधीलमाश्या बसल्या होत्या. त्याला वाईट वाटलं, हे सांगायलाच हवं. त्याच्या हाताखालून गेलेलं ते आजवरचं सगळ्यात मोठं फळ होतं. वाईट वाटलं ते फळासाठी. विनिफ्रेडची आठवण त्याला बरीच नंतर झाली.

ती शनिवारी परत आली, सहा किलो उतरलेली, हातात काठी. बॅग दारात टाकून सरळ बागेत गेली. कथबर्ट भिंतीशी उभाच होता, तयारीने. नेमका नेव्हिलही स्पर्धेतल्या नावांची यादी घेऊन फाटकाशी आला. विनिफ्रेडने छत्री उचलली. फळाकडे बघितलं. मग काठीवर भार देत कष्टाने वाकली आणि बुंध्याच्या मातीत बोट खुपसलं. पार खालपर्यंत ओल होती.

"किती पाणी घातलंस, कथबर्ट?"

"उन्हाळा कडक होता."

"किती?"

"दोन झाऱ्या."

"एकदम?"

नेव्हिल फाटकावर हात ठेवून तसाच उभा राहिला. विनिफ्रेड कथबर्टकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर हसू नव्हतं. "फळ पिकत आल्यावर एकदम दोन झाऱ्या," ती म्हणाली. "तुला माहीत नव्हतं काय होतं ते?"

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. माहीत होतं म्हणावं तर गावासमोर चोर ठरायचं. माहीत नव्हतं म्हणावं, तर ज्या अडाण्यांना तीस वर्षं नावं ठेवली त्यांच्याही खालच्या पाटावर जाऊन बसायचं. कथबर्टने दोन्हीकडे बघितलं. मग भिंतीवरच्या शेवाळाला नख लावत म्हणाला, "नाही आलं लक्षात. चुकलं."

नेव्हिलचा चेहरा लगेच मऊ झाला. "होतं असं, मिस्टर रॉ," तो म्हणाला. "माझ्या वडिलांचंही शेवटी शेवटी असंच व्हायचं." विनिफ्रेडने छत्री मिटली आणि भिंतीवरून त्याच्या हातात दिली.

मंगळवारी कथबर्ट जिंकला. नाव पुकारलं तेव्हा हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, नेहमीपेक्षा जास्तच वाजल्या, आणि त्याला त्यांचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. दोघा-तिघांनी येऊन पाठीवर थोपटलं. एकाने त्याला खुर्ची आणून दिली. सकाळच्या फेरीत आता तो कुंपणाशी थांबून हुंकारला की लोक चिडायचे नाहीत. "हो हो, बरोबर आहे तुमचं," म्हणायचे, आणि आपलं काम चालू ठेवायचे. घरी किटली फळीवर ठेवली, तर डोरीनने ती कधी पुसली नाही. तो विषय तिने काढलाच नाही, आणि एवढी वर्षं जे काही ती त्याला ऐकवायची तेही आता ऐकवत नव्हती. त्याला ते सगळ्यात जड गेलं.

पुढच्या जूनमध्ये मंडळाने नव्या लोकांसाठी एक संध्याकाळ ठेवली. मध्यउन्हाळ्यात झुडपाचं काय काय करायचं, ते विनिफ्रेडच्या बागेत, विनिफ्रेडच दाखवणार होती. नेव्हिल मुद्दाम कथबर्टच्या दारी आला. "तुम्हीही या, मिस्टर रॉ. पुढची खुर्ची ठेवतो. उजळणी झालेली बरी." न जाण्याला काही कारण सापडलं असतं तर तो गेला नसता.

वीसेक माणसं होती. विनिफ्रेडचं वजन परत आलं होतं, आवाजही. अळ्या दाखवल्या, फुटवे खुडून दाखवले, विरळणी दाखवली. सगळं त्याने गेल्या वर्षी तिच्या झुडपाला केलं होतं अगदी तस्सं. मग तिने झारी उचलली आणि थांबली.

"आता पाण्याचं. कोरडे दिवस आहेत, फळ पिकत आलंय. पाणी किती घालायचं?" तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पुढच्या खुर्चीवर आणून ठेवली. "कथबर्ट, तू सांगतोस?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले, सगळे प्रेमाने. उत्तर त्याला बापाने कान धरून शिकवलं होतं, वयाच्या सातव्या वर्षी. ते त्याच्या जिभेवर होतं. ती थांबली होती. घाई नव्हती तिला.

"मला नाही ठाऊक," कथबर्ट म्हणाला.

"असू दे," विनिफ्रेड म्हणाली. ती त्याच्याजवळ आली आणि लहान मुलाला दाखवतात तशी झारी त्याच्यासमोर धरून अर्ध्यावर बोट टेकवलं. "एवढंच. अर्धी झारी. रोज थोडं थोडं. म्हण बघू."

आणि कथबर्टने म्हटलं.