पुराव्याचा टीव्ही

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एका दिवाळीला निम्म्या बिल्डिंगने एकाच कंपनीचे टीव्ही घेतले. सगळ्यांनी मिळून घेतले तर दुकानदार सूट देतो, ही सेक्रेटरीची अक्कल. सूट म्हटल्यावर ज्यांचे जुने टीव्ही धडधाकट होते त्यांनीही ते भंगारात काढले. त्यात आम्हीही आलो. मग वॉरंटी संपली आणि एकामागून एक सगळे टीव्ही आंधळे झाले. आवाज यायचा, पडदा काळा.

बाकीच्यांना निदान बातम्या ऐकू येत होत्या. आमच्याकडे तेवढाही उपयोग नव्हता. आमच्या यजमानांची नोकरी गिरणीत मागांच्या खडखडाटात गेली, कानही तिथेच गेले. आता गुडघ्यांमुळे खाली उतरणं बंद. सकाळपासून चित्र बघत बसायचे, मग क्रिकेट असो नाहीतर शेतीचा कार्यक्रम. टीव्हीचा आवाज त्यांना कधी लागलाच नाही, आणि आता टीव्हीत तेवढाच उरला होता.

“गो, चित्र खंय गेला?” ते विचारायचे. मी हातानेच ‘गेलं’ म्हणून सांगायची. चहा झाला की पुन्हा तेच.

स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. पडद्याच्या मागे दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्या कंपनीने हलक्या घातल्यात म्हणाला. चित्र आत आहे, उजेड नाही. पटावं म्हणून त्याने पडद्यावर टॉर्च धरला, तर खरंच उजेडाच्या गोलात एक बाई रडताना दिसली. “पट्ट्या बदलल्या की झालं, आजी.” मी त्याला पट्ट्या घेऊन ये म्हटलं.

पट्ट्या यायच्या आधी वकील आला. हा वरच्या मजल्यावरचा. लिफ्टमध्ये भेटला तर मोबाईलमधून मान वर काढत नाही. त्या दिवशी वाकून नमस्कार केला, तेव्हाच मी सावध झाले.

“काकी, टीव्हीला कोणाला हात लावू देऊ नका. तो आता पुरावा आहे.”

“पुरावा तुझ्या घरी ने. मला टीव्ही हवाय.”

“अहो, नवीन मिळेल! वर मानसिक त्रासाची भरपाई. फक्त सगळ्यांनी एकत्र राहायला हवं.”

गच्चीवर मीटिंग झाली. वडे होते. कंपनीने खराब पट्ट्या घातल्या हे खरंच होतं, तिला कोर्टात ओढायला माझी ना नव्हती. पण वकिलाने ज्याला त्याला मानसिक त्रास विचारायला सुरुवात केली, आणि लोकांना आठवायला लागलं. एकीला मालिकेतल्या सासूचं मरण बघायला मिळालं नाही म्हणून झोप लागत नव्हती. तिची स्वतःची सासू गावाला आजारी होती, तिला बघायला ती गेली नव्हती. सेक्रेटरीचा रक्तदाब टीव्हीमुळे वाढला. तो मीटिंगमध्ये तिसरा वडा खात होता.

“आणि काकी, तुम्हाला?”

“मला तुझा.”

सगळे हसले, तोही हसला. पण एकीने टीव्ही दुरुस्त केला तर सगळ्यांची केस पडेल म्हणाले, आणि उद्या ह्याच लोकांना मी अडीअडचणीला हाक मारणार. मी दुरुस्तीवाल्याला थांब म्हणून सांगितलं.

यजमान थांबले नाहीत. त्यांनी खुर्ची पडद्याला टेकवली आणि टॉर्च लावून टीव्ही बघायला लागले. गोलात फलंदाज आला की चेंडू जायचा, चेंडू शोधेपर्यंत तो बाद होऊन निघालेला असायचा. हात दुखला की टॉर्च डाव्या हातात घ्यायचे.

एका संध्याकाळी वकील सहीसाठी आला आणि हे बघून दारातच उभा राहिला. मला वाटलं, ह्याला लाज वाटली.

“काकी, झकास! एक फोटो काढू? शर्ट नका घालू देऊ त्यांना, बनियनवरच बरं दिसतं. ग्राहक आयोगापुढे हा फोटो ठेवला ना, कंपनीची बोलतीच बंद. आता तर दुरुस्ती अजिबात नको हां.”

“किती दिवस?”

“तारखा पडतात हो. वर्ष, दोन वर्षं. काकांचं काय, त्यांना सवय झालीय.”

मी त्याचा मोबाईल खाली करायला लावला आणि त्याला दार दाखवलं. सकाळी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. जेवणाच्या आत चित्र आलं. यजमानांनी खुर्ची मागे सरकवली.

वकील जिन्यात भेटला. “वाट लावलीत केसची, काकी.”

“माझं नाव काढ. बाकीच्यांचा त्रास आहे की भरपूर.”

त्याने नाव काढलं. केस अजून चालू आहे. कोणी नवीन टीव्ही घेत नाही, कारण मग त्रास कुठे उरला? पुराव्यांवर धूळ बसू नये म्हणून बायकांनी त्यांना कव्हरं शिवलीत.

परवा वर्ल्डकपची मॅच होती. ती मोबाईलवर बघण्यात मजा नाही म्हणून निम्मी बिल्डिंग आमच्या खोलीत. सेक्रेटरी पलंगावर, सासूवाली स्वयंपाकघराच्या दारात. वकील सगळ्यात शेवटी आला, विकेट पडली तसा उठून नाचत पडद्यासमोर उभा राहिला.

टॉर्च यजमानांच्या खुर्चीशी अजून असतो. त्यांनी त्याचा उजेड वकिलाच्या पाठीवर मारला आणि मला म्हणाले, “गो, तेका सांग, बाजूक सर म्हणान. चित्र दिसना नाय.”