फोडणीचं जॅकेट

नीलिमाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून मीटिंगमध्ये बसलो होतो. दुपारचे बारा वाजले असतील. ती पुण्यात, आईच्या आजारपणासाठी गेलेली आणि कोरोनातल्या विमानांच्या गोंधळात तिथेच अडकलेली. मी इकडे डचांच्या देशात, आर्नहेममध्ये, तिचा नवरा सुधीर ज्या हॉस्पिटलात होता तिथून सायकलवर दहा मिनिटांवर. पण बातमी अशी फिरून आली. हॉस्पिटलने त्यांच्या मुलीला, ईराला कळवलं, ईराने आईला, आणि आईने मला. "रवी, सुधीर गेला रे," एवढंच ती म्हणाली. लॅपटॉपवरून कुणीतरी विचारत होतं, तुझा आवाज येत नाहीये... मी झाकण मिटलं. नीलिमा म्हणाली, "तुझ्याशी तर सारखं बोलणं असायचं त्याचं. आधी काही म्हणाला होता का? ताप, वास न येणं, काहीतरी?" मी म्हणालो, "नाही गं. काहीच नाही."

हे खोटं होतं. त्याला आता सात आठवडे झाले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं. लिहितो. पण हे खोटं मधे ठेवून मला लिहिता येणार नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकलं.

सुधीर आणि मी एकाच वर्षी इथे आलो, वीजक्षेत्रातल्या एकाच कंपनीत, समोरासमोरच्या टेबलांवर. तो साताऱ्याकडचा, मी ठाण्याचा. तो स्वयंपाकात पक्का, मी खाण्यात. त्याच्या घरात अंड्यापलीकडे काही शिजत नसे, आणि हा माणूस पुढे बंदूक घेऊन हरणांच्या मागे जाईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. झालं असं की एका संध्याकाळी फेलुवेच्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या गाडीपुढे हरीण आलं. इथलं छोटं हरीण, रे म्हणतात त्याला, शेळीएवढं. पाठीमागचे दोन्ही पाय मोडले होते आणि जीव जात नव्हता. सुधीर त्याच्याशेजारी रस्त्यात बसून राहिला. पोलिसांनी एका शिकाऱ्याला बोलावलं. त्या म्हाताऱ्याने एका गोळीत त्याला सोडवलं, मग बाजूच्या झाडाची डहाळी मोडून हरणाच्या तोंडात ठेवली आणि टोपी काढून उभा राहिला. तो हेंक. "रव्या, तोंडात डहाळी ठेवली रे त्याने. आपण तुळशीपत्र ठेवतो तशी," सुधीर दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला सांगत होता, आणि त्याचा चहा तसाच गार झाला होता. "मी नुसता बसलो होतो. मला काहीही करता आलं नाही."

त्याच्या पुढच्याच वर्षी पठ्ठ्याने शिकारीच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. पक्षी, प्राणी, कायदे, नेमबाजी, सगळं डचमध्ये. ऑफिसात इतकी वर्षं काढून जी भाषा आली नाही ती या क्लासमध्ये आली. नीलिमा वैतागली होती. "घरी येणार असेल ते मांस, तर भांडं वेगळं, चमचा वेगळा, आणि शिजवायचं बागेत," तिने बजावलं. त्याने ते शेवटपर्यंत पाळलं. पास झाल्यावर हेंकने त्याला आपल्या रानात घेतलं. रान कसलं, दोन्ही बाजूंना शेतं, एका बाजूला सायकलचा रस्ता, मधे थोडीशी ओकची आणि पाइनची झाडं. शेजाऱ्यांचे असेच तुकडे जोडून कसंबसं कायद्यात बसेल एवढं क्षेत्र व्हायचं. दरवर्षी किती हरणं मारायची हे वरून ठरून यायचं, आणि तेवढी मारली नाहीत तर ती रस्त्यावर गाड्यांखाली यायची.

मी बंदुकीला कधी हात लावला नाही. पण सोबतीला जायचो, थर्मास सांभाळायला. त्यामुळे छोट्या रानातली शिकार मला तोंडपाठ आहे. "मोठ्या जंगलात चालायचं असतं, छोट्या रानात बसायचं," तो म्हणायचा. "मधे शिरलास की संपलं. ते त्यांचं घर आहे. आपण उंबऱ्याबाहेर बसायचं." एकाच मचाणावर दोन दिवस लागोपाठ बसायचं नाही, कारण दोनदा उठवलेलं हरीण तिसऱ्यांदा शेजाऱ्याच्या रानात उठतं. मचाणं दोन हवीत, एक या वाऱ्याचं, एक त्या वाऱ्याचं. हरणाच्या पाठीमागे माती दिसत नसेल तर गोळी झाडायची नाही, कारण झाडांच्या पलीकडून कुणाची तरी पोरं शाळेतून सायकलवर घरी जात असतात. शेजाऱ्याकडे आधीच जाऊन चहा प्यायचा, कारण जखमी जनावराला कुंपण कळत नाही. आणि गोळी लागल्यावर हलायचं नाही. पाव तास. एकदा एका हरणीला गोळी लागल्यावर मी उतरायला लागलो तर त्याने माझी कॉलर धरली होती. "धावलास तर ती उठेल आणि लांब जाऊन तडफडेल. बस. तिला शांतपणे मरू दे." पाव तासानंतर ती तीस पावलांवर सापडली. सुधीरने डहाळी मोडून तिच्या तोंडात ठेवली, टोपी काढली. शिकारीचा आनंद वगैरे मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नाही.

पण सगळ्यात आधी वारा. देवापुढच्या उदबत्तीची राख तो एका डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायचा. रानाच्या कडेला पोचलो की बाटली दाबायची, राख कुणीकडे जाते बघायचं. राख रानाकडे गेली की मुकाट गाडीत बसून परत. आणि इथेच त्याची फजिती होती. पहिल्या हंगामात सलग अकरा संध्याकाळी एक हरीण दिसलं नाही. वारा बरोबर, मचाण बरोबर, तरी काही नाही. शेवटी हेंक आला, त्याच्या बाहीला नाक लावलं आणि विचारलं, "काल काय जेवलास?" सुधीर म्हणाला, आमटी. आणि शिकारीला घालायचं ते जुनं जॅकेट स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खुंटीला! वर्षानुवर्षं हिंग, मोहरी, लसूण त्या कापडात मुरत होतं. वारा जरा जरी फिरला तरी अख्ख्या रानाला ह्यांच्या घरचा बेत कळायचा.

त्या दिवशी जॅकेटला बागेतल्या शेडमध्ये हद्दपार केलं. तरी उपयोग नाही. कारण हा रानातून येणार, "एक घोट चहा" म्हणून जॅकेटसकट घरात शिरणार, आणि चहा उकळेपर्यंत शेजारच्या शेगडीवर वरणाला फोडणी देऊन मोकळा होणार. मी म्हणायचो, "गाढवा, निदान ते काढून तरी ठेव." तो म्हणायचा, "अरे हो!" आणि पुढच्या वेळी तेच. मग आमचा एक खेळ झाला. दर शनिवारी सकाळी तो शेडमध्ये जायचा, बाही हुंगायचा आणि मला फोन करायचा. "आहे अजून." मी विचारायचो, "आज काय?" "हिंग. थोडा लसूण." दहा वर्षं हा फोन चुकला नाही. सगळं बंद झालं, ऑफिस बंद, येणं-जाणं बंद, नीलिमा पुण्यात अडकली, तो घरात एकटा... तरी शनिवारचा फोन होताच.

जानेवारीतला तो शनिवार. मी दात घासत होतो. फोन उचलला तर हा ओरडतोच आहे, "रव्या, जिंकलो! काही म्हणजे काही वास नाही! बाही हुंगली, कॉलर हुंगली, खिसे उलटे केले. दहा वर्षांत पहिल्यांदा!" मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणालो, "अरे वा, मग आज हरीण नक्की. थंडीने मारला असेल वास, आठवडाभर शून्याखाली आहे बाहेर." इतकं शहाण्यासारखं बोललो मी. एक वर्ष झालं होतं सगळ्याला. वास जाणं म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी "मला वास येत नाहीये" म्हटलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे टेस्टला पिटाळलं असतं. पण सुधीर "मला" म्हणाला नव्हता, "जॅकेटला" म्हणाला होता. आणि मी हसलो. दोघंही हसलो.

संध्याकाळी तो एकटाच जाऊन बसला. अंधार पडता पडता परत फोन. आवाज जरा बसलेला होता. "आली होती रे एक. पन्नास पावलांवर. पाठीमागे माती, सगळं जमून आलेलं. मग वारा जरासा फिरला, तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं... आणि धोक्याचं भुंकून गेली. का गेली कळत नाही. वास तर नव्हता." मी म्हणालो, "तुझं तोंड बघून गेली असेल." हे माझं उत्तर. त्या हरणीला एका श्वासात जे कळलं ते मला, त्याच्या वीस वर्षांच्या मित्राला, दोनदा सांगूनही कळलं नाही. स्वतःची लाज वाटते म्हणजे काय ते मला आता कळतंय.

मंगळवारी त्याला खोकला सुरू झाला. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, फोनवर म्हणाला की पॅरासिटामॉल घ्या, घरी थांबा, वाढलं तर कळवा. सुधीर थांबला. थांबणं त्याला जमायचंच. एकट्या माणसाने किती थांबायचं हे मात्र कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, "डबा घेऊन येतो, दारात ठेवतो." तर म्हणाला, "येऊ नकोस रव्या. वारा माझ्याकडून तुझ्याकडे आहे." आणि हसता हसता इतका खोकला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मी ऐकलं त्याचं. गेलो नाही. हे मी समजूतदारपणाने केलं की भीतीने, खरंच सांगता येत नाही. बहुतेक भीतीनेच. शुक्रवारी त्याला अँब्युलन्स घेऊन गेली. त्यानंतर मी एकदाच हॉस्पिटलपर्यंत गेलो, चार्जर आणि चष्मा रिसेप्शनवर देऊन आलो. तीन दिवस आधी कळलं असतं तर वाचला असता का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. सांगता येत नाही, यातच मी सात आठवडे उठतो-बसतो आहे.

अंत्यविधीला मोजकी माणसं, लांब लांब मांडलेल्या खुर्च्या. नीलिमा फोनच्या पडद्यावर. पेटी बंद होती, तोंडात तुळस ठेवायचा प्रश्नच नव्हता. हेंक काठी टेकत आला, पेटीवर पाइनची डहाळी ठेवली, टोपी काढली. पडद्यावर नीलिमा एकदाच मोठ्याने रडली, ती तेव्हा.

गेल्या रविवारी ईराने मला घरी बोलावलं. घर आवरायचं होतं. पोरगी ग्रोनिंगेनला शिकते, मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. बंदूक पोलिसांकडे जमा झाली होती. राहिलं होतं शेडमधलं. जॅकेट खुंटीलाच होतं. खिशात राखेची बाटली. मी काढून हातात घेतलं, आणि नाकाजवळ न्यायची गरजच पडली नाही. हिंग होता. मोहरी होती. लसूण तर असा, जसा कुणी आत्ताच कढईत टाकलाय. दोन महिने थंडीवाऱ्यात लटकूनही वास कणभर कमी झालेला नव्हता.

ईरा बाहेर बागेत, चांगली सात-आठ पावलांवर उभी होती. तिने नाक मुरडलं, मग जरा हसली, कितीतरी दिवसांनी. "काका, आय कॅन स्मेल इट फ्रॉम हिअर," ती म्हणाली. "इट्स लाइक बाबा इज कुकिंग."

मी जॅकेट खुंटीला परत टांगलं, शेडमध्येच खाली बसलो आणि त्या शनिवारच्या फोनचं सांगायला पुण्याला नीलिमाला फोन लावला.