चावडीतला माझा जबाब

पाटलानं माझा खाकी सदरा माझ्याकडूनच उसवून घेतला आणि त्याचा घोडीसाठी तोबरा शिवायला लावला. भर बाजारात. वर त्यात हरभरे भरून घोडीच्या तोंडाला तो बांधायचाही मीच. "रझाकार घोडीची खिजमत करतोय, बगा!" पाटील म्हणाला. लोक हसले. मीही हसलो. मला वाटायचं, हे माझ्या वाट्याचंच आहे.

कारण ती खाकी मी हौसेनं घातली होती. निजामाचं राज्य होतं, विशीतलं वय होतं, हातात भाला आला होता. आमच्या टोळीनं काशीबाई तेलिणीचं घर लुटलं तेव्हा मी तोंडाला रुमाल बांधून दारावर उभा होतो. आत गेलो नाही, कशाला हात लावला नाही, असं पुढं मनाला किती वेळा सांगितलं. पण ती आतून ओरडत होती आणि धावून आलेल्या शेजाऱ्यांना मीच दरडावून, भाला रोखून मागं फिरवलं. रुमालामुळं मला कुणी ओळखलं नाही.

राज्य गेलं. तुरुंग भोगून आलो तर गावात कुणी दारात उभं करेना. शाळेतल्या गुरुजींनी केलं. ते स्वतः सरहद्दीच्या कॅम्पातून निजामाविरुद्ध लढलेले. म्हणायचे, "हत्यार टाकलेल्या पोरान्ला धंदा पायजे. न्हायतर ती पुन्ना हत्यारच धरत्याल." कॅम्पातल्या दोघांना त्यांनी चहाचं हॉटेल काढून दिलं. मला, त्यांच्या दुश्मनाला, शिलाईचं मशीन. बसायला ओटा मात्र पाटलाचा.

वर्षभरात गिऱ्हाईक जमलं. मग एक दिवस पाटील कागद घेऊन आला. चाँदचाचा पिंजाऱ्याची सडकेकडची जागा त्याला हवी होती.

"चाँद्या बी रझाकार व्हता, येवढ्यावर सही कर. त्यो तुरुंगात गेला की जागा माजी. ओटा कायमचा तुजा."

चाचानं जन्मात कापूस पिंजण्यापलीकडं काही केलं नव्हतं. मी ओट्यावर बसलेल्या गुरुजींकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "कर बाबा सही. लई कष्टानं उभं केलंय तुजं दुकान."

माझं डोकंच भणाणलं. मी गुन्हा केला काशीबाईचा आणि जोडे खात होतो पाटलाचे. वर्षभर. त्यातला एकही तिच्या कामी आला नव्हता. आणि आता पुन्हा एक घर लुटलं जाणार होतं आणि पुन्हा मीच दारावर.

कागद तिथंच फाडला. तसाच भरल्या चावडीत गेलो. मोठ्यानं बोललो.

"काशीबाईच्या दारावर भाला घिऊन म्या उभा व्हतो. चाँदचाचा कशातच न्हवता. आन् त्या दिशी आमच्या टोळीला जेवान पाटलाच्या घरून आलं व्हतं."

बायकांतून काशीबाई पुढं आली.

"ठावं हाय मला. तुजा आवाज म्या तवाच वळखला व्हता. तरी चोळ्या तुज्याकडंच शिवाया टाकत आले. बगत व्हते, कवा तोंड उघडतूस."

एवढं बोलून ती निघून गेली. मी माफी मागितली नाही. कोणत्या तोंडानं मागणार? संध्याकाळपर्यंत पाटलाच्या गड्यांनी मशीन ओट्यावरून खाली फेकलं. गुरुजी ते पुसत बसले. माझ्याकडं बघेनात.

दुसऱ्या दिवशी उमरग्याची वाट धरली, पायी. तालुक्याच्या साहेबापुढं हाच जबाब लिहून द्यायचा, आणि खाली माझं पूर्ण नाव. परत तुरुंगात घातलं तर तिथंही हेच सांगायचं.