वेणूबाईंचं घंगाळ

धायरीला वेणूबाई आता राहतात त्या सोसायटीत पोरं बहुतेक आयटीतली. रविवारी सकाळी ती पार्किंगच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या चमत्कारिक गाडीभोवती जमतात, फोटो काढतात. एकदा एक जण म्हणाला, "आजी, याला व्हिंटेज म्हणतात." वेणूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मग मला काय म्हणतात?"

वेणूबाईंचं हे असंच. जन्म कोकणातला, पण संसार केला कसबा पेठेत; जिभेला पेठेची धार आलीच. या गाडीतून त्यांनी विजापूर पाहिलं, बदामी पाहिली, गोव्याला जाऊन स्वतःच्या स्टोव्हवर मासळी तळून खाल्ली. पण कोणी आठवणी विचारल्या की त्या बाकी सगळं बाजूला सारून पहिल्या प्रवासावरच येतात. आणि का येऊ नये?

त्यांचे यजमान दशरथराव तांबट आळीतले कारागीर. बंब घडवावेत तर त्यांनीच. पण नव्वद साल उलटलं, घरोघरी गिझर आले आणि बंबांना कोणी विचारेना. हाताला काम नसलं की दशरथरावांचा जीव घाबरा होई. त्याच सुमारास वेणूबाईंच्या आईचा श्रीवर्धनहून निरोप आला, 'डोळे मिटायच्या आत एकदा तोंड दाखव.'

जायला हरकत एकच होती, आणि ती भयंकर. वेणूबाईंना गाडी लागायची. तरुणपणी कसंबसं सोसलं, पुढे पुढे स्वारगेटला एसटीत बसलं की कात्रजला तोंडाला पदर आणि भोरला शुद्ध हरपलेली. वडील गेले तेव्हा त्या अशाच भोरला रस्त्याकडेला आडव्या झाल्या आणि तिथूनच माघारी फिरल्या. अखेरचं दर्शन चुकलं ते चुकलंच. एकोणीस वर्षं माहेर नाही. आता आईही अशीच न भेटता जाणार की काय?

दशरथराव बोलणारे नव्हेत. त्यांनी भंगारातून जुनी मॅटॅडोर आणली, इंजिन दुरुस्त करून घेतलं आणि वर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं घर चढवलं. आता तांबट म्हटला की मठारल्याशिवाय, म्हणजे हातोडीचे ठोके देऊन पत्रा घट्ट केल्याशिवाय, त्याला चैन पडत नाही. सात महिने ठोकाठोक चालली. छतापासून चाकांपर्यंत गोल गोल ठसे, उन्हात डोळे दिपवणारे. आत स्टोव्हची फळी, पाण्याला तांब्याची टाकी, आणि अगदी मागच्या टोकाला वेणूबाईंसाठी पलंग. "वाटेल तिथे थांबू," दशरथराव म्हणाले. "चार दिवस लागले तरी लागू देत. तू आपली आडवी होऊन ये."

शेजारच्या बद्रीनाथांनी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला, "घंगाळ झकास झालंय. आंघोळीला कधी बोलावताय?" झालं! आळीभर तेच नाव पडलं.

नारळ फुटला, दशरथराव स्टिअरिंगवर बसले, घंगाळ निघालं. आणि कुठल्याही सराईत ड्रायव्हरने पहिल्या दिवशीच दाखवली असती ती चूक कात्रजच्या चढावर कळली. भांडी घडवणाऱ्याला पत्रा कळतो, चाकं कळत नाहीत. पलंग मागच्या चाकांच्याही मागे. प्रत्येक खड्ड्याला वेणूबाई सुपातल्या दाण्यासारख्या उडत होत्या. बोगदा यायच्या आतच उलट्या होऊन सगळं आटोपलं. दुपारी बाराला गाडी परत आळीत.

"वा, कोकण पाहून आलातसुद्धा?" बद्रीनाथ म्हणाले. "फार जवळ आलंय हल्ली."

त्या दिवशी वेणूबाई खूप रडल्या. नवऱ्याची सात महिन्यांची माया वाया गेली म्हणून, आईसाठी, आणि स्वतःच्या पोटाच्या संतापानेही. पण दुसऱ्या दिवशी भाजी आणायला हवीच होती. लूना काढून मंडईत गेल्या, आणि येताना भर रस्त्यात ब्रेक दाबून उभ्या राहिल्या. मागचा रिक्षावाला खेकसला. एवढे हिसके, एवढा धूर, आणि पोटात ढवळत कसं नाही? दहा वर्षं लूना चालवतेय, एकदाही नाही! हँडल आपल्या हातात असतं म्हणून?

घरी येऊन त्यांनी पिशवी खाली ठेवली. "अहो, मला मोटार शिकायचीय."

"बावन्नाव्या वर्षी?"

"मग काय साठाव्या? तोवर आई थांबणार आहे?"

लेक हेमा नुकतीच कॉम्प्युटर कंपनीत लागली होती. तिने त्याच आठवड्यात आईचं नाव ड्रायव्हिंग क्लासात घातलं. मास्तर म्हणाले, "काकू, गिअर हळू. लाटणं नाही ते." वेणूबाई म्हणाल्या, "लाटणं असतं तर एव्हाना तुम्हाला कळलं असतं." पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या, दुसऱ्या परीक्षेत पास. दशरथरावांनी सीट पुढे घेतली आणि बायकोचे पाय पुरावेत म्हणून पेडलांवर पितळी पट्ट्या मठारून बसवल्या. त्या पट्ट्या पाहून वेणूबाईंना वाटलं, या माणसासाठी तरी पोहोचायलाच हवं.

माघात पुन्हा निघाले. कात्रज मागे पडला. भोरला ती रस्त्याकडेची जागा दिसली, पण गाडी थांबली नाही. मग वरंधा घाट. नजर रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर, वळणामागून वळण, आणि पोट शांत! वाघजाईच्या देवळापाशी थांबून वेणूबाईंनी दोन प्लेट भजी खाल्ली. दशरथरावांनी भजीकडे पाहिलंसुद्धा नाही. पलंग रिकामा जाऊ नये म्हणून ते मागे बसले होते. गाडी आज त्यांना लागली.

श्रीवर्धनच्या वाडीत घंगाळ शिरलं तेव्हा ऊन कललं होतं. आई ओटीवर बसली होती. वेणूबाईंनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारी लेकीच्या तोंडावरून हात फिरवत रडली, आणि मग लेक माहेरी आली की सगळ्या आया विचारतात तेच तिनेही विचारलं, "कोणी आणलं गं तुला? जावयांनी?"

जावई लिंबू चोखत मागच्या दारातून उतरत होते.

"मला कोणी आणलं नाही, आई," वेणूबाई म्हणाल्या. "माझी मी आले. गाडी मी चालवली."

म्हातारीने गाडीकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून ती जवळच्या म्हसळ्यापलीकडे गेली नव्हती, आणि तिथवरही कोणी नेलं तेव्हाच. मग तिने काठी उचलली. "मला बसव. पुढे, तुझ्या शेजारी."

वेणूबाईंनी तिला धरून वर चढवलं आणि गाडी समुद्राकडे वळवली. वाडीवाडीतून माणसं बाहेर आली. आई समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून ताठ बसली होती.

"आई, भीती नाही ना वाटत? हळू चालवू?"

"हळू कशाला?" आई म्हणाली. "दामटव की!"