उडीच्या टेकडीवर फोडलेला नारळ

सुवर्णाकाकूंच्या पायाला भिंगरी. नागपूर सोडून अमेरिकेत बॉथेलला संसार थाटला, तरी स्वस्थ बसणं काही जमलं नाही. लेक अनिका स्की-जंपिंगच्या नादी लागली, तशा ह्याही डोंगरातल्या स्कीच्या रिसॉर्टवर फावडं घेऊन हजर! पूर्वी तिथे लाकूडतोड्यांनी उडीसाठी लाकडी घसरण बांधली होती. ती कुजून पडली आणि टेकडीवर रान माजलं. गावकऱ्यांनी ती नव्याने उभारायला घेतली, तेव्हा झुडपं उपटण्यापासून बर्फ तुडवण्यापर्यंत काकू पुढे होत्या. पण पहिली उडी अनिका घेणार असं ठरलं, आणि काकूंची झोपच उडाली. पोरगी धड खाली उतरू दे, एवढंच त्यांचं मागणं.

उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी पिशवीतून नारळ काढला. नवरा मनोहर कळवळला, "अगं, इथे नको यार! लोक हसतील."

"हसू देत. नवी गाडी नारळाशिवाय ड्राइव्ह केलीस कधी?"

घसरण जिथे संपते, त्या पोलादी कडेवर काकूंनी नारळ फोडला, हात जोडले आणि बाजूच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. 

अनिका वर आडव्या दांडीवर येऊन बसली. तेवढ्यात काकूंना कडेपाशी काहीतरी चकाकताना दिसलं. नारळाचं पाणी स्कीच्या वाटेत सांडून तिथेच गोठून त्याचा गोळा झाला होता; त्यावर स्की अडली तर? करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती! बोलावं तर चारचौघांत शोभा, आणि लेक जन्मभर ऐकवणार. कोचने निघण्याच्या इशाऱ्यासाठी झेंडा उचलला.

"थांब! अनिका, थांब!" काकू ओरडल्या.

कोचने धावत येऊन तो बर्फाचा गोळा खरवडून काढला, वाट हाताने चाचपली. अनिका लालबुंद झाली होती. "आई, सीरियसली? कोकोनट?"

"चुकलं गं माझं," काकू रडवेल्या झाल्या.

कोचने पुन्हा उचललेला झेंडा खाली आला. अनिका सुसाट त्यांच्यासमोरून गेली आणि दिसेनाशी झाली. पुढे टेकडीचा फुगवटा, त्यामुळे उतरायची जागा वरून दिसतच नाही. खालून एकदम आरडाओरडा झाला. आनंदाचा की भीतीचा? काकू पडत-धडपडत पायऱ्या उतरू लागल्या. प्रत्येक पायरीवर त्यांनी स्वतःला शिव्या घातल्या.

अर्ध्या वाटेवर अनिका भेटली. खांद्यावर स्की घेऊन धापा टाकत वर येत होती. काकूंनी तिला मिठी मारायला हात पसरले.

"आई, मूव्ह ना! मला परत उडी मारायचीय."