गारगोट्यांखालचा मोरपिशी दगड

टकर्स वेल या खाणवस्तीत क्लॅरी ट्रेगेन्झाला ओळखत नाही असा माणूस नव्हता. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या त्या तांबड्या वाळवंटात तो वडिलांच्या मागोमाग सोन्याच्या खाणीत उतरला आणि तिथेच म्हातारा झाला. पत्र्याची झोपडी, चहाचे काळे डबडे आणि राखेत भाजलेला पाव, एवढाच त्याचा संसार. बायको बहिणीकडे म्हणून पर्थला गेली ती परतली नाही. शब्दाचा पक्का, अशी मात्र त्याची ख्याती होती.

शब्दाला तिथे किंमतही होती, कारण दगड कुटायची गिरणी सगळ्यांत मिळून एकच. कुटलेल्या दगडाचा पातळ चिखल पारा चोळलेल्या पत्र्यांवरून वाहत जाई. सोने पाऱ्याला चिकटे, बाकी गाळ मागे साठे. दगडात गंधकमिश्रित तांबे असले की पारा नासे आणि सोने धरेनासा होई. म्हणून रिवाज असा, की ज्याची पाळी त्याने आपणहून सांगायचे: दगड स्वच्छ की तांब्याचा. तांब्याचा असेल तर तो सगळ्यांत शेवटी कुटायचा आणि मग पत्रे घासून नवा पारा लावायचा. कोणी कोणाचा ट्रक तपासत नसे.

त्या वर्षी क्लॅरीच्या खाणीत वरचा गंजका दगड संपला. खाली पितळेसारखा पिवळा, मध्येच निळा-जांभळा, मोरपिशी झाक मारणारा दगड लागला. क्लॅरीने तो लोखंडी खलात कुटून पाहिला. सोने होते, पण तांबेच जास्त. शेवटच्या पाळीची वाट पाहावी तर तोवर विहिरीचे पाणी आटून गिरणी बंद पडायची. त्याने ट्रकमधल्या ढिगावर पांढऱ्या गारगोट्या पसरल्या.

"स्वच्छ ना रे, क्लॅरी?" गिरणीवाल्या हर्बने सवयीने विचारले.

"स्वच्छ."

"मग ओत. तुझ्यावर नाही विश्वास ठेवायचा तर काय पाद्र्यावर ठेवायचा?"

कुटून झाल्यावर पत्र्यांवर काळपट साय धरली. हर्बने विहिरीच्या खाऱ्या पाण्याला चार शिव्या घातल्या, पत्रे वरवर पुसले आणि पुढच्याला हाक मारली. पुढचा होता युरे मारिनोविच. युरोपातल्या डाल्मेशियाच्या समुद्राकाठून आलेला, क्लॅरीचा शेजारी. आपल्या खाणीतल्या सोन्याच्या शिरेचे कौतुक त्याने गावभर केले होते. फडक्यातून पारा पिळून काढल्यावर त्याच्या हाती आली जेमतेम वाटाण्याएवढी गोळी.

"युरे, बायकोच्या कानातल्यांचं झालं बघ!" कोणीतरी ओरडले. "एकाच कानाचं!"

युरेही हसला. क्लॅरीला मात्र हसता आले नाही.

चार दिवसांत बातमी आली, की शीर मेली असे समजून युरे जागा सोडून फ्रीमँटल बंदरात भावाच्या मासेमारीच्या होडीवर चालला आहे. शीर मेली नव्हती. युरेचे सोने गिरणीमागच्या गाळात पडले होते, आणि ते का पडले हे एकट्या क्लॅरीला ठाऊक होते.

रविवारी सकाळी तो युरेकडे गेला. युरे खाणीवरचा रहाट सोडवत होता.

"पुन्हा एकदा कुटून बघ ना," क्लॅरी म्हणाला.

"मेलेल्या गाईला किती पिळशील?" युरेने त्याच्याकडे दोराचे टोक फेकले. "धर. फुकटचा सल्ला नको, हात दे."

क्लॅरीने टोक धरले. युरे दोर गुंडाळू लागला. निम्मा दोर गुंडाळून झाला आणि क्लॅरीने तो घट्ट आवळला.

"तुझ्या आधी माझा दगड होता."

"मग?"

"तांब्याचा होता. वर गारगोट्या टाकल्या होत्या मी."

युरेचे हात थांबले. "तुला ठाऊक नसेल."

सुटायची वाट त्यानेच दाखवली होती. क्लॅरी मान खाली घालून म्हणाला, "खलात कुटून पाहिला होता. ठाऊक होतं."

युरेने हातातला दोर टाकून दिला. "बस ट्रकमध्ये," तो म्हणाला. "हे हर्बला सांग. सगळ्यांसमोर."

गिरणीपाशी लोक चहा पीत बसले होते. क्लॅरीने सांगितले. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरे वाटले असते. हर्बने युरेच्या गाळातला ओंजळभर चिखल ताटलीत धुऊन पाहिला. तळाशी पिवळी रेघ उमटली. "क्लॅरी, पत्रे तू घासायचेस," एवढेच तो म्हणाला. क्लॅरीने ते संध्याकाळपर्यंत घासले. युरेचा गाळ नव्या पाऱ्यावरून पुन्हा सोडला, तेव्हा त्याचे बरेच सोने परत आले. बरेच, सगळे नव्हे.

युरेने रहाट पुन्हा बसवला. वाटेत भेटला तर तो क्लॅरीशी पावसापाण्याचे बोले, तंबाखूही देई. क्लॅरी पुढे कित्येक वर्षे ट्रक भरताना सगळ्यांत वाईट, मोरपिशी दगड वेचून ढिगाच्या माथ्यावर ठेवत राहिला. तरीही गिरणीवर पाळी आली की युरे हर्बला आधी विचारी, "माझ्याआधी कोण होतं?"

विचारताना तो क्लॅरीकडे बघत नसे. क्लॅरीच टोपी काढून म्हणे, "मी नव्हतो."

आणि युरे हर्बच्या उत्तरासाठी थांबे.